आठ दिवस फोन बंद

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात वसईच्या एक बाई राहतात. त्यांचा भाचा गेली तीन वर्षं त्यांच्याकडेच आहे. वय असेल सव्वीस-सत्तावीस. नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या मुलामुलींमध्ये तो काम करतो. "म्हणजे नक्की काय करतोस रे?" असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा हसून म्हणाला होता, "आजी, त्याला कॅम्पस मिनिस्टर म्हणतात. पण मिनिस्टर म्हटलं तरी लाल दिव्याची गाडी नाही हं! मुलांबरोबर चहा प्यायचा आणि ते काय सांगतात ते ऐकायचं."

तर हा मुलगा परवा परवा दार वाजवून आला. पाठीला सॅक. म्हणाला, "आजी, लोणावळ्याला चाललोय. आठ दिवस फोन बंद असेल. मावशीला काही लागलं तर जरा बघाल?"

"आठ दिवस? कशाला रे?"

"गप्प बसायला."

मी पडले जन्माची मास्तरीण. तोंडून पटकन निघून गेलं, "गप्प बसायची रजा मिळते होय तुला? मजा आहे बुवा!"

तो हसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "आजी, गेल्या महिन्यात एक मुलगा मला त्याच्या घरचं काहीतरी सांगत होता. अगदी मनातलं. आणि मी मान हलवत होतो, पण डोक्यात चाललं होतं की घरी जाताना दूध घ्यायचंय. तेव्हाच ठरवलं, आता जायला हवं."

तो गेला. पण ते दूध काही माझ्या डोक्यातून जाईना.

मंडळी, मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. १९८८ च्या आसपासची. नववीतली एक मुलगी शाळा सुटली तरी वर्गात रेंगाळायची. कधी फळा पुसून दे, कधी डस्टर झटकून आण. एक दिवस माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाली, "बाई, थोडं बोलायचं होतं." माझ्यापुढे सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा, पिशवीत मतदारयादीचं काम, घरी सासूबाई आजारी. मी मान वर न करताच म्हटलं, "उद्या ये हं बाळ." उद्या ती आली नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरला तर तिची जागा रिकामी. लग्न लावून दिलं, असं मैत्रिणींकडून कळलं.

तिला तेच सांगायचं होतं का, कोण जाणे. मी थांबले असते तर ते लग्न टळलं असतं, असंही मी म्हणत नाही. पण "उद्या ये" हे शब्द माझे होते, आणि ते मी दुष्टपणाने म्हटले नव्हते. मी दमले होते, एवढंच. त्या मुलाचं आणि माझं दुखणं एकच. फरक इतकाच की त्याला ते वेळेवर कळलं, आणि कळल्यावर कुठे जायचं तेही त्याला ठाऊक होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून या विषयावर थोडं वाचलं, त्याला थोडं विचारलं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

विद्यार्थ्यांमध्ये राहून काम करण्याची ही परंपरा फार जुनी आहे. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सैनिक. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचता वाचता त्याचं मन पालटलं. पुढे चांगला छत्तीस-सदतीस वर्षांचा असताना तो पॅरिसच्या विद्यापीठात शिकायला गेला. तिथे खोलीत त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान अशी दोन मुलं होती, पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. हाच तो झेवियर, जो पुढे १५४२ साली गोव्यात उतरला आणि ज्याच्या दर्शनाला अगदी २०२४-२५ मध्येही जुन्या गोव्यात लाखो लोक लोटले. झेवियर तेव्हा हुशार, महत्त्वाकांक्षी प्राध्यापक होऊ पाहणारा तरुण. इग्नेशियसने त्याच्यापुढे व्याख्यानं झोडली नाहीत. वर्षानुवर्षं सोबत राहिला. १५३४ च्या १५ ऑगस्टला पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी शपथ घेतली आणि त्यातून पुढे येशूसंघ उभा राहिला. म्हणजे हा एवढा मोठा संघ एका अर्थी होस्टेलच्या खोलीत जन्मला!

याच इग्नेशियसने स्वतःच्या अनुभवावरून 'आध्यात्मिक साधना' नावाची पुस्तिका लिहिली. पूर्ण साधना तीस दिवसांची, मौनात. येशूसंघाचा माणूस ती आयुष्यात दोनदा करतो, एकदा सुरुवातीला आणि एकदा सगळं प्रशिक्षण संपताना. आणि दरवर्षी तिचंच लहान रूप, आठ दिवसांचं. शिवाय रोज दोनदा थोडा वेळ थांबून दिवसाकडे मागे वळून पाहायचं. आज मन कुठे उघडं होतं, कुठे बंद झालं? समोरच्या घरातल्या मुलाला ते 'दूध' सापडलं ते या रोजच्या सवयीमुळे. मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

आपल्या महाराष्ट्रातही या विचारात भर पडली आहे. फादर अँथनी डिमेलो हे मुंबईचे. १९३१ चा जन्म. मानसशास्त्र शिकलेले. १९७० च्या दशकात त्यांनी पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. फादर आणि सिस्टर लोकांना तिथे समुपदेशन शिकवायचं आणि स्वतःच्या मनाकडे बघायलाही. १९७८ च्या त्यांच्या 'साधना' या पुस्तकात श्वासाकडे लक्ष देणं आहे, शरीराच्या संवेदना न्याहाळणं आहे. आपल्याला इगतपुरीची विपश्यना आठवावी असंच. चर्चमध्ये सगळ्यांना हे पटलं असं नाही. डिमेलो १९८७ साली गेले आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की त्यांच्या काही मतांचा कॅथलिक श्रद्धेशी मेळ बसत नाही. वाद त्यांच्या घरचा आहे, मी त्यात पडत नाही. पण दुसऱ्याचं ऐकणाऱ्याने आधी स्वतःचं ऐकावं, ही त्यांची गोष्ट मला पटते.

आता आमच्या प्रशिक्षणाकडे बघा! बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणीचं, चोवीस वर्षांनी निवड श्रेणीचं. अभ्यासक्रम बदलला की उद्बोधन वर्ग. सकाळी सही, मग व्याख्यान, मग जेवण, मग डुलक्या, शेवटी प्रमाणपत्र. घटक नियोजन शिकवलं, मूल्यमापन शिकवलं. "बाई, तुम्ही कशा आहात?" हे साडेतीन दशकांत कुणी विचारलं नाही. ज्याच्या हाताखाली वर्षाला साठ मुलं, त्याच्या मनाचं काय, हा प्रश्नच कधी कुठल्या तक्त्यात नव्हता.

आणि हा प्रश्न नाजूक मनाच्या लोकांचे लाड म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये पहिला क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा. आमच्या पनवेलच्या आजूबाजूला आता इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, सगळी कॉलेजं आली. खेड्यापाड्यातून, परराज्यातून मुलं येतात, भाड्याच्या खोलीत चौघे चौघे राहतात. त्यांच्यातल्या एखाद्याला "थोडं बोलायचं होतं" असं वाटलं तर समोरचा माणूस जागा असायला हवा. तो मुलगा सांगत होता, त्याच्या प्रशिक्षणात पहिला धडा हाच होता की आपल्या आवाक्याबाहेरचं काय ते ओळखायचं. मुलाच्या बोलण्यात जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली की एकट्याने प्रार्थना करत बसायचं नाही. डॉक्टरकडे न्यायचं, १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर लावून द्यायचा, आणि फोन होईपर्यंत शेजारी बसायचं. हे तर आपल्या प्रत्येक शिक्षकाला आणि होस्टेलच्या प्रत्येक रेक्टरला यायला हवं.

आता मनात येणारी शंका बोलूनच टाकते, कारण तुमच्याही मनात ती आली असेल. हे धर्माचं काम करणारे लोक अडचणीतल्या मुलांजवळ जातात, तर त्यात धर्मांतराचा हेतू नसेल कशावरून?

हा प्रश्न आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती प्रार्थना करायच्या आणि त्या वेळी खोलीचं दार बंद करायला त्या तयार नव्हत्या. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाईंच्या कामाविषयी मला अपार आदर आहे. पण आई-वडिलांची भीतीही मला खोटी वाटत नाही. दुःखातलं मूल आणि त्याला आधार देणारा मोठा माणूस हे बरोबरीचे नसतात. रडणारं मूल कशालाही हो म्हणेल.

मी त्या मुलाला हे तोंडावर विचारलं. तो रागावला नाही. म्हणाला, "आजी, मी कोण आहे ते विचारलं तर सांगतो, नाही विचारलं तर नाही. आणि नापास होऊन रडत बसलेल्याला तर विचारलं तरी तेव्हा सांगत नाही. तो सावरला, जेवला, हसला की मग बोलू." मला हे उत्तर पुरेसं वाटलं. पण एकट्याच्या चांगुलपणावर हे सोडू नये. ही मर्यादा प्रशिक्षणात शिकवली जावी आणि ती ओलांडली तर त्याला जाब विचारणारं वर कुणी असावं. असं म्हटल्याने कुणाच्या श्रद्धेचा अपमान होत नाही. शिक्षकाने स्वतःच्याच विद्यार्थ्याची शिकवणी घेऊन पैसे घेऊ नयेत, तसंच हे.

दुसरी शंका मला स्वतःलाच आली. हे उज्जीवन, म्हणजे मन पुन्हा ताजं होणं, टिकतं किती? १९०५ च्या जूनमध्ये केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात मोठं उज्जीवन झालं. वेल्समधल्या अशाच जागृतीच्या बातम्या तिथे पोचल्या होत्या, रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट केले होते. मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करायच्या. त्याच्या कथा अजून जगभर सांगतात. पण अशी लाट रोज येत नाही. आपल्या शिबिरांचंही तसंच असतं ना! शेवटच्या दिवशी सगळे गळ्यात गळे घालून रडतात आणि महिन्याभरात पत्ताही विसरतात. म्हणून मला मोठ्या लाटेपेक्षा रोजची दोन वेळची पाच-दहा मिनिटं जास्त खात्रीची वाटतात.

तिसरी गोष्ट त्या संस्थांसाठी. वर्षभर पोराला रात्री बारा-बारापर्यंत राबवायचं आणि मग आठ दिवस घाटावर पाठवायचं, याला उज्जीवन म्हणू नये. आमच्या लहानपणी इकडच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, बेने इस्रायली लोकांना जुनी माणसं 'शनवार तेली' म्हणायची. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गिऱ्हाईक दारात आलं तरी बंद. बैलालाही सुट्टी! पनवेलचं त्यांचं १८४९ सालचं प्रार्थनास्थळ अजून आहे. वर्षाचे आठ दिवस चांगलेच, पण आठवड्याचा तो एक दिवस आधी द्या.

शाळांनीही यातून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. देवाधर्माचं नको, ते ज्याचं त्याने घरी करावं. पण वर्षातून तीन दिवस शिक्षकांना पेपर नाहीत, अहवाल नाहीत, व्याख्यान नाही. थोडं मौन, आणि ज्याच्याजवळ मोकळं बोलता येईल असं एक शहाणं माणूस. खर्च किती येईल? एका उद्बोधन वर्गाच्या चहा-जेवणाइतका.

असो. नवव्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा परत आला. येताना चिक्की घेऊन आला, माझ्या दातांचा विचार न करता. चेहऱ्यावर काही तेजबिज आलेलं नव्हतं, थोडा उन्हाने रापला होता इतकंच. "काय मिळालं रे?" असं विचारल्यावर म्हणाला, "पहिले तीन दिवस नुसता झोपलो, आजी. चौथ्या दिवशी त्या मुलाची आठवण आली. आल्या आल्या त्याला भेटलो. म्हटलं, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, पुन्हा सांगशील?"

"मग?"

"सांगितलं त्याने."

मग जरा घुटमळून म्हणाला, "तिथले फादर म्हणाले, तुझं ऐकणारं कुणीतरी गावात शोध. दर गुरुवारी तुमच्याकडे आलो तर चालेल? मुलांची नावं नाही सांगणार. फक्त माझं."

आता गुरुवारी संध्याकाळी मी कुकर आधीच लावून घेते. टीव्ही बंद. तो येतो, बोलतो, कधी अर्धा तास नुसताच बसून राहतो. सल्ला द्यायची माझी जुनी खोड अजून जात नाही, जीभ आवरावी लागते. परवा त्याचं बोलणं चालू असताना माझ्या मनात आलंच, गॅस बंद केला का? मग मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, "बाळ, माझं लक्ष गेलं. ते शेवटचं पुन्हा सांग."