शेजारचे मोकळे कुत्रे

मळ्यातल्या वस्तीला कुत्रे लागतेच. हातकणंगले तालुक्यात आमच्यासारखी कितीतरी घरे उसाच्या कडेला एकएकटी उभी आहेत. गोठ्यात म्हशी, त्यात रात्रीची लाईट आली की घरचा माणूस मोटर सुरू करायला बाहेर. आमचा मोती नसता तर मला झोप लागली नसती. दिवसा तो साखळीला असतो, निजानीज झाली की सुटतो.

शेजारच्या तात्यांचा काळ्या मात्र रात्रंदिवस मोकळा. बांध ओलांडून यायचा, मोतीच्या ताटलीतली भाकरी खायचा आणि साखळी जिथे संपते तिथून हातभर पलीकडे निवांत बसायचा. हा हिशेब त्याला कुणी शिकवला देव जाणे! इकडे मोती हिसके देऊन देऊन घसा फोडायचा. मानेचे केस गेले. पुढे पुढे तर तो पोस्टमनच्या अंगावर जायला लागला. बांधलेल्या कुत्र्याला रोज असे डिवचले की ते खुनशी होते, आणि लोक म्हणतात, यांचेच कुत्रे वाईट.

तात्यांना एकदा बोलले. ते म्हणाले, "सूनबाई, कुत्रं हाय ते. दावणीला बांधायला काय म्हस हाय व्हय?" वडीलधारे माणूस, त्यात विहीर सामाईक. मी गप्प बसले. चुकले ते तिथेच. हसत हसत पुन्हा सांगायची गोष्ट मनात ठेवली आणि वर्षभर मुरू दिली.

भाद्रपदात एका सकाळी साखळीची कडी तुटली. दोघे असे भिडले की मी वेड्यासारखी मध्ये हात घातला. बायांनो, हे कधीही करू नका. बादलीभर पाणी तोंडावर फेकावे, नाहीतर पोते टाकावे. माझ्या मनगटात दात रुतला, रक्त आले. तो दात मोतीचा की काळ्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

सासूबाई हळद आणि चुना घेऊन धावल्या. मी हात नळाखाली धरला. साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात जखम धुवायची, तिच्यात हळद, चुना, तिखट काही भरायचे नाही. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शने. ती जुनी लस आपल्याकडे २००४-०५ मध्येच बंद झाली. आता लस दंडात देतात. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी चौदाव्या दिवशी आणखी एक. तारीख मात्र चुकवायची नाही.

डॉक्टरांनी कुत्र्यांच्या लसीचे विचारले. मोतीची नोंद होती, काळ्याची काहीच नव्हती. लस त्याच दिवशी सुरू झाली, रक्त आले होते म्हणून जखमेत सीरमही दिले. शिवाय बजावले, दोन्ही कुत्री दहा दिवस नजरेखाली ठेवा, मारू नका, हाकलू नका. चावताना कुत्रे पिसाळलेले असेल तर ते बहुधा दहा दिवसांत मरतेच. पण लस त्या दहा दिवसांसाठी थांबत नाही, कारण रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस सहसा हाती लागत नाही.

घरी दीर तापले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. जनावर सांभाळण्यात हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते खरेच आहे. पण मी म्हटले, आधी मी जाऊन येते.

संध्याकाळी तात्यांच्या सोप्यात बसले. हाताची पट्टी पाहून त्यांनी चहा खाली ठेवला. थोड्या वेळाने विचारले, "आन् म्हशीला चावलं असतं तर?" डॉक्टरांचे बोलणे मी त्यांना सांगितले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने जनावरालाही तोच रोग होतो. लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, आणि घशात काही अडकले समजून आपण तोंडात हात घालतो. तात्या उठले आणि म्हशीचेच जुने दावे काढून काळ्याला बांधले.

दहा दिवस रोज सकाळी बांधावरून हाक यायची, "सूनबाई, भाकरी खाल्ली बघ काळ्यानं!" त्या हाकेने आमच्या घरात चहाचे आधण पडायचे. वर्षभरात आम्ही एवढे बोललो नव्हतो.

अकराव्या दिवशी तात्यांनीच टेम्पो बोलावला. एका टोकाला मोती, दुसऱ्या टोकाला काळ्या, मध्ये तात्या काठी धरून. अशी वरात जनावरांच्या दवाखान्यात गेली. काळ्याला लस टोचली, दरवर्षीची तारीख लिहून आणली. कागद आमच्याच घरी आहे, कारण तात्यांच्या घरी कागद टिकत नाही.

विहिरीच्या पाण्यासारखी आता कुत्र्यांचीही पाळी आहे. दिवसा दोन्ही बांधलेली. एक रात्र मोती सुटा, एक रात्र काळ्या. राखण दोन्ही घरांची. कधी चुकतेही. मग जेवणे झाली की बांधावर बॅटरी चमकते आणि तात्या ओरडतात, "सूनबाई, आज कुणाचं सोडायचं?"