मेलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार?

खेड्यात माणूस मेला म्हणजे गाव जमते, तिरडी बांधते, त्याला नदीकाठी पोहोचवते आणि दहा दिवस एकच प्रश्न विचारते, "काय झालं होतं हो त्याला?" उत्तरे ठरलेली असतात. "ताप आला होता." "छातीत कळ आली." "वय झालं होतं." ही उत्तरे खोटी नव्हेत, पण त्यांतून मरणाचे कारण कळत नाही. आणि कारण कळले नाही म्हणजे सगळ्यांचे फावते. डॉक्टर म्हणतो, आम्ही रोगी पाहिलाच नाही. सरकार म्हणते, दाखल्यावर रोगाचे नाव नाही. पुढारी म्हणतो, ज्याची त्याची दोरी! आमचे म्हणणे असे की, ही सबब लंगडी आहे. एकेका मरणाचे कारण न कळले, तरी गावावर अरिष्ट येऊन गेले की नाही आणि त्यात अदमासे किती माणसे गेली, हे नुसत्या मोजणीने कळते. त्याला वैद्यकी लागत नाही. चौथीच्या पोराला येणारी वजाबाकी लागते.

ती कशी, हे आमच्या शेतकरी बंधूंस फळ्यावर मांडावे तसे मांडून दाखवितो. समजा, पाच हजार वस्तीचे एक गाव आहे. मागल्या पाच वर्षांत तेथे २९, ३१, २८, ३३ आणि २९ माणसे वारली. बेरीज १५०, सरासरी ३०. म्हणजे बरेवाईट धरून त्या गावात वर्षाला ३० मरणे अपेक्षित. सहाव्या वर्षी ४७ माणसे वारली. ४७ वजा ३०, बाकी १७. ह्या १७ मरणांना 'जादा मरणे' म्हणावे. त्यांतले कोणते कशाने झाले हे ठाऊक नसले, तरी जादा झाले हे नाकारता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, एखाद्या वर्षी दोनचार माणसे जास्त जायचीच. खरे आहे. म्हणून अपेक्षित आकड्याचे वर्गमूळ काढावे. ३० चे वर्गमूळ साडेपाचाच्या आसपास. त्याची दुप्पट अकरा. तीस आणि अकरा मिळून एक्केचाळीसपर्यंतचा चढउतार नशिबाचा खेळ म्हणून सोडून द्यावा. त्याच्यापुढे आकडा गेला की नशिबाकडे बोट दाखवू नये. कारण शोधावयास निघावे. गाव वाढले असेल तर दर हजारी हिशेब धरावा, आणि म्हातारी माणसे वाढली असतील तर वयाप्रमाणे वेगवेगळा हिशेब करावा. एवढी खबरदारी घेतली म्हणजे हे गणित बिनचूक नसले तरी पक्के आहे.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नव्हे. लंडनात १८४७ साली फ्लूची साथ आली, तेव्हा दाखल्यावर त्या रोगाचे नाव असलेली मरणे थोडी होती. पण विल्यम फार नावाच्या सरकारी गणित्याने नेहमीच्या मरणांची वजाबाकी करून साथीने खरे किती घेतले ते दाखविले. आपल्या मुलखात याचा सर्वांत मोठा दाखला १९१८ सालचा. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महाग झाले होते, आणि त्यातच मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ इलाखाभर पसरली. गावच्या दप्तरात रोगांची सदरे मोजकीच. पटकी नव्हे, देवी नव्हे, प्लेग नव्हे, तर लिहा 'ताप'. कोट्यवधी लोकांच्या देशातले ते महामरण ह्या दोन अक्षरांत गडप झाले. शिवाय नोंद करणारेच आजारी पडले, मेले. तेव्हा नोंदच राहिली. सरकारी आरोग्यखात्याचा पहिला अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या खानेसुमारीच्या वेळी तो १ कोटी २० ते ३० लाखांवर गेला. पुढे अभ्यासकांनी हिशेब पुन्हा तपासून १ कोटी ४० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंतचे आकडे मांडले. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली असे निघाले. १९११ ते १९२१ ह्या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली; खानेसुमारीच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही. मेलेले बोलत नाहीत, पण बेरीज बोलते ती अशी.

आणि बेरीज आणखी एक गोष्ट बोलते, ती आमच्या बहुजन समाजाने कान देऊन ऐकावी. १९१८ च्या त्या साथीत मुंबई शहरात दर हजारी किती माणसे दगावली, याचा जातवार हिशेब नगरपालिकेच्या आरोग्यखात्याने ठेवला होता. युरोपियन ८.३, पारशी ९, इतर हिंदू १८.९, आणि सरकारी कागदात 'खालच्या जातीचे' म्हणून लिहिलेले हिंदू ६१.६! हवा एक, शहर एक, रोग एक. मग साहेबापेक्षा सातपटीने जास्त मरण आमच्या भावाच्याच वाट्याला का आले? त्याच्या कपाळावर सटवाईने तसे लिहिले होते म्हणून? नव्हे. एका खोलीत दहा माणसे, पोटात अन्न नाही, आजारपणी पाणी द्यायला कोणी नाही, म्हणून. हे आकडे कोणी मांडले नसते, तर दैवाचे नाव घेऊन ही गोष्ट केव्हाच पुरून टाकली असती.

कोणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले. तर मग शेजारच्या गुजरातेतले २०१० चे पाहा. त्या सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. उन्हाने मेला असे दाखल्यावर क्वचितच कोणाचे लिहिले जाते. हृदय बंद पडले, असेच लिहितात. पण पुढे अभ्यासकांनी २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी ताळा घेतला. एरवी सरासरी ३,११८ मरणे. त्या मे महिन्यात ४,४६२. बाकी १,३४४. ह्या एका वजाबाकीने डोळे उघडले आणि २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्यासाठी बंदोबस्ताची योजना आखली. आमच्या शिरपूर तालुक्यात मे महिन्यात कापसाच्या रानात आणि विटांच्या भट्टीवर राबणाऱ्याला ऊन म्हणजे काय हे सांगणे नलगे. त्या उन्हाने दरसाल किती जातात, हा हिशेब मात्र आपल्या गावांत मांडलेला दिसत नाही.

आणि करोनाचे तर कालचेच आहे. २०१९ साली देशात ७६ लाख मरणे नोंदली गेली, २०२० साली ८१ लाख, आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. म्हणजे एका वर्षात एकवीस लाखांची उडी. सरकारी हिशेबात करोनाने मेलेले दोन्ही वर्षे मिळून पावणेपाच लाखांच्या थोडे वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जादा मरणांचा अंदाज ४७ लाख सांगितला. आपल्या सरकारने तो मानला नाही, हिशेबाची रीतच चूक म्हटले. आम्ही खेड्यातले मास्तर, मोठ्यांच्या वादाचा निवाडा करीत नाही. नोंदणी सुधारली म्हणूनही आकडा काहीसा वाढतो, हे आम्हांस मान्य आहे. पण एका वर्षात एकवीस लाखांची नोंदणी सुधारली असे म्हणणाऱ्याने गणिताच्या तासाला झोप काढली असली पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात. येथे तर ती लाखोंची आहे.

ह्या झाकाझाकीचा फटका कोणाला बसतो? ज्याच्याजवळ कागद नाही त्याला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमावरून करोनाने मेलेल्याच्या घराला पन्नास हजार रुपये देण्याचे ठरले. दाखल्यावर रोगाचे नाव नाही एवढ्याच कारणाने कोणाला नाकारू नये, असे न्यायालयास मुद्दाम सांगावे लागले. ज्या देशात नोंदलेल्या शंभर मरणांपैकी बावीस-तेवीसांच्याच कारणाला डॉक्टरचा दाखला असतो, तेथे उरलेल्या सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरांत कोण असणार? सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आणि भिल्ल, गावकुसाजवळचा मजूर, आणि घरातच डोळे मिटणारी म्हातारी.

आता एक मेख सांगतो. कायद्याप्रमाणे मरण जेथे घडले तेथे नोंदतात. आमच्या तालुक्यातला रोगी धुळ्याच्या दवाखान्यात वारला तर त्याची नोंद धुळ्यास. ऊसतोडीला गुजरातेत गेलेला तेथे वारला तर तिकडे. गावच्या दप्तरात तो जिवंतच! म्हणून नुसत्या सरकारी वहीवर विसंबून गावाचा हिशेब जुळणार नाही.

सबब आमची सूचना अशी. प्रत्येक गावाने आपली एक वही ठेवावी. कोठेही वारला तरी गावचा माणूस तीत यावा. महिना, वय, स्त्री की पुरुष, वस्ती कोणती, आणि घरच्यांनी सांगितलेले कारण त्यांच्याच शब्दांत. घरी झालेल्या मरणाची सरकारी नोंद एकवीस दिवसांत फुकट होते; ती करावीच. दर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मागल्या पाच वर्षांची सरासरी आणि यंदाचा आकडा शेजारी शेजारी मोठ्याने वाचावे. फरक मोठा निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरास बोलावून विचारावे, पाणी तपासावे, कोणत्या वस्तीत आणि कोणत्या महिन्यात जास्त गेले ते पाहावे. शाळेतल्या मोठ्या मुलांकडून बेरजा करून घ्याव्यात. व्याजाच्या उदाहरणांपेक्षा हे गणित त्यांच्या जन्माला पुरेल.

सावकाराचे देणे आपण तोंडपाठ ठेवतो, कापसाचा भाव पैशापर्यंत सांगतो, मग गावातून एका वर्षात किती माणसे गेली हे विचारल्यावर "गेली बरीच" असे का म्हणावे? ज्या घरचे माणूस जाते तेथे ते एकच असते. पण गावाने ती सारी एकत्र मोजल्याखेरीज पुढचे माणूस वाचविण्याची वाट सापडत नाही.