आठवीनंतर मुलगी हजेरीपटावरून गायब का होते? सणसवाडीच्या पट्ट्यात शाळा काय करू शकते?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरचं सणसवाडी हे शिरूर तालुक्यातलं गाव. आज त्याची ओळख कारखाने आणि भाड्याच्या खोल्या अशी आहे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली कामगार कुटुंबं सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, रांजणगाव या पट्ट्यात राहतात. काम बदललं की खोली बदलते आणि खोलीबरोबर मुलांची शाळाही.

अशा ठिकाणी मुलीची शाळा सुटली, तरी ते पटकन कळत नाही. शाळेला वाटतं, कुटुंब दुसरीकडे गेलं असेल. मुलगी मात्र त्याच गावात, घरी लहान भावंडं सांभाळत असू शकते.

१४ वर्षांनंतर काय बदलतं?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा १४ ते १८ वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामांपासून रोखतो. मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ आहे.

म्हणजे मधली चार वर्षं मुलीला शाळेत टिकवण्याची कायदेशीर हमी नाही. आई-वडील दोघंही कामावर, शाळा लांब आणि लग्नाची बोलणी, हे सगळं नेमकं याच वयात एकत्र येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के महिलांचं लग्न १८ वर्षांआधी झालं होतं.

मग शाळेच्या हातात काय आहे?

*गैरहजेरी लगेच पाहणं.* शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी आठवड्यातून एक खाडा, मग दोन, मग सलग सुट्ट्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच घरी फोन किंवा भेट झाली, तर कारण कळतं आणि मार्गही निघतो.

*दाखल्यासाठी न अडवणं.* कायद्यानुसार आठवीपर्यंत जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलगी जाताना 'कोणत्या शाळेत गेली?' याची खात्री जुन्या शाळेने केली, तर ती मध्येच हरवत नाही.

*वाट सोपी करणं.* ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. जड वाहनांच्या महामार्गावरून रोज पायी जावं लागणाऱ्या मुलींची यादी करून शाळेनेच पासची प्रक्रिया पूर्ण करून घेतली, तर पालकांची मोठी काळजी मिटते.

*सुरक्षित वाटणं.* पाणी आणि दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह नसेल, तर पाळीच्या दिवसांत मुली घरीच थांबतात. मार्च २०२२ मध्ये राज्याने शाळांमध्ये सखी-सावित्री समिती नेमायला सांगितलं. ही समिती कागदावर न राहता मुलींना तिच्यातल्या एका तरी बाईंशी मोकळेपणाने बोलता यायला हवं.

*लग्नाची कुणकुण लागताच बोलणं.* ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवता येतं.

शाळा एकटी पुरेल का?

नाही. पाळणाघर, एसटीची फेरी, आई-वडिलांची मजुरी या गोष्टी शाळेच्या हातात नाहीत. शिक्षकांवर इतर कामांचा बोजाही आहे. पण मुलगी येईनाशी झाली, हे सगळ्यात आधी हजेरीपटावर दिसतं. आठवीतून बाहेर पडलेली प्रत्येक मुलगी नववीत कुठे बसली, एवढी एक यादी दर जूनमध्ये तपासली, तरी कोण मागे राहिलं ते वेळेत कळेल.