आधी सीसी नाही, आधी वजन विचारा

कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणाची नवी गाडी लागली की पहिला प्रश्न ठरलेला, 'किती सीसी?' दुसरा, 'टॉप किती मारते?' नुसतं शहरात आणि हायवेवर फिरायचं असेल तर विचारा खुशाल. पण सोमवार ते शुक्रवार कॉलेज आणि रविवारी वेल्ह्याच्या पलीकडची मुरमाची वाट, हे दोन्ही एकाच गाडीवर करायचं असेल, आणि तेही सेकंडहँडच्या बजेटमध्ये, तर हे प्रश्न बाजूला ठेवा. विचारायचं ते एवढंच : ही गाडी चिखलात आडवी झाली तर मला एकट्याला, किंवा एकटीला, उभी करता येईल का?

आणि ती आडवी होणारच. कच्च्या वाटेवर चालवणाऱ्या सगळ्यांची होते. त्यात लाज काही नाही, पण वजन असतं.

आपल्याकडे सेकंडहँड ड्युअल स्पोर्ट, म्हणजे डांबरावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारी गाडी शोधायला निघालात की खिशाला परवडणारी नावं फिरून फिरून तीनच येतात. हिरोची जुनी इम्पल्स, २०१९ ला आलेली एक्सपल्स २००, आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. इम्पल्स २०११ मध्ये आली, दीडशे सीसीची, आणि पुढे बंद पडली. स्वस्तात मिळाली तर मोह होतो, पण आधी तुमच्या मेकॅनिकला विचारा की पार्ट कुठून आणणार. त्याने डोकं खाजवलं तर समजून जा.

खरी लढत एक्सपल्स आणि हिमालयनची. पार्किंगमधल्या चर्चेत हिमालयन नेहमी जिंकते. ४११ सीसी, मोठी टाकी, भारदस्त दिसते, फोटो मस्त येतो. माझं मत उलटं आहे. पहिल्या एक्सपल्सचं वजन १५४ किलो, पुढच्या मॉडेलांत थोडं वाढलं. हिमालयन ४११ सुरुवातीपासूनच १९० च्या पुढे, आणि बीएस-६ आल्यावर १९९ किलो. म्हणजे फरक घरच्या भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जास्त. तो सिलिंडर चढावर, ओल्या दगडगोट्यांत, थकलेल्या हातांनी उचलायचा आहे असं डोळ्यांसमोर आणा.

'पण हायवेवर काय?' हा प्रश्न येणारच. खरं आहे, एक्सपल्सचं इंजिन २०० सीसीचं, ताकद साधारण १८ बीएचपी. ८०-९० च्या वर ती दमते. पण तुम्ही नेमके कुठे जाता ते बघा ना. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदीच आहे. ताम्हिणी, वरंध, माळशेज, कुठल्याही घाटात आपण साठच्या वर किती वेळ असतो? दर महिन्याला मागे कुणाला तरी बसवून, सामान बांधून गोवा किंवा हंपी करणार असाल तर मात्र हिमालयनच घ्या, तिथे तिचा २४ बीएचपीचा दम कामी येतो. नाहीतर वापरायची नसलेली ताकद विकत घेऊन रोज तिचं वजन ढकलत बसाल.

उंचीचा मुद्दा खरा आहे. एक्सपल्सची सीट ८२३ मिमीवर, हिमालयनची ८००. बुटक्या मुलामुलींना दुकानदार लगेच सांगतात, 'तुम्हाला नाही जमणार.' दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असं काही नाही. एका बाजूला सरकून एक पाय नीट टेकला तरी सिग्नलला उभं राहता येतं. पण हे ऐकून ठरवू नका, बसून ठरवा.

आता गाडी बघायला गेलात. 'शोरूम कंडिशन, फक्त ऑफिसला वापरली' असं सांगणाऱ्याची गाडी खालून बघा. इंजिनाखालच्या प्लेटवर ओरखडे असतील तर घाबरू नका, ती प्लेट त्यासाठीच असते. इंजिनाच्या केसिंगवर वेल्डिंग किंवा एम-सील लावलेलं दिसलं तर मात्र चहा घ्या आणि घरी या. पडलेली गाडी चालते, पडल्याचं लपवलेली चालत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. एकीकडे जास्त वळत असेल तर जोरात आपटलेली आहे. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा, टकटक आली तर कोनसेट गेला. फोर्कवर तेलाचा ओघळ म्हणजे ऑइल सील. ही दोन्ही कामं होण्यासारखी आहेत, पण ती भाव कमी करायला वापरायची. स्पोक एकेक वाजवून बघा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. आणि आधी फोन करून सांगा की इंजिन थंड ठेवा. तुम्ही पोचेपर्यंत गरम करून ठेवलं असेल तर थंड असताना ती का सुरू होत नाही, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

एक गोष्ट यूट्यूबवाले पटकन सांगून पुढे जातात. या गाड्यांना स्पोकची चाकं, म्हणजे आत ट्यूब. कॉलेजच्या स्कूटरसारखी दोरी खुपसून पंक्चर निघत नाही. चाक काढा, टायर उतरवा, ट्यूब बदला. हे एकदा घरच्या अंगणात करून बघा, मग रानात जा. रानाचंही एक आहे : अभयारण्यात परवानगीशिवाय जायचं नाही, आणि पावसाळ्यातल्या सड्यांवर गाडी घालायचीच नाही. तिथली मातीच बोटभर जाडीची असते, फुलं तिच्यावर उगवतात. मळलेली वाट सोडू नका.

कागदांवर मात्र मी हट्टाने थांबणार आहे, कारण इथेच आपली पोरं सगळ्यात ढिली असतात. 'ट्रान्सफर करू रे नंतर, ओळखीचाच आहे' म्हणून दोन-दोन वर्षं गाडी दुसऱ्याच्या नावावर फिरते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, मालक तोच. अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात पडू शकते. म्हणजे तुमच्या हातून कुणाला लागलं तर अडकणार तुमचा सीनियर. आणि विमा तुमच्या नावावर नसेल, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देताना समोरासमोर. कर्जावरची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ आणि इथला रोड टॅक्स, तो धरून ती खरंच स्वस्त पडते का ते मोजा. थकलेली ई-चलनं नंबर टाकून आधीच बघा. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या.

बजेट ठरवताना सगळेच्या सगळे पैसे गाडीत घालू नका. चेन-स्प्रॉकेट, टायर आणि पहिली सर्व्हिस यांना बाजूला काढा, आणि घोट्याच्या वर येणाऱ्या बुटांना. आडवी झालेली गाडी बहुतेक वेळा पायावरच येते.