आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

भलतीकडे वाया गेलेल्या धडपडीची थट्टा करावयाची असली म्हणजे मराठी माणूस ही म्हण वापरतो. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात मात्र ती थट्टा राहत नाही, वस्तुस्थितीचे वर्णन ठरते. खंबाटकी घाटातून रात्रंदिवस टँकर व मालमोटारी वाहणारा पुणे-बंगळूर महामार्ग, शिरवळ-केसुर्डीचे कारखाने, लोणंदची बाजारपेठ, उन्हाळ्यात वणव्याच्या छायेत असणारे डोंगर आणि कडब्याच्या गंजी रचून बसलेली लहान गावे, अशी धोक्याची दाटी एका तालुक्यात क्वचितच आढळेल. पण गावात गोठा पेटला तर बंब कोणाचा यावयाचा, याचे स्वतःचे उत्तर गावापाशी नसते. येईल तो नगरपालिकेचा, औद्योगिक वसाहतीचा किंवा एखाद्या कारखान्याचा, म्हणजे उसना. ग्रामीण भागात बंब वीस मिनिटांत पोचावा, असा स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे. वाहतूक तुंबलेल्या दिवशी तेवढ्या वेळात घाटही ओलांडून होत नाही.

या उसनवारीचे मूळ कायद्यात आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. नगरपालिकांच्या अठरा विषयांच्या त्या यादीत अग्निशमन सेवेचा क्रमांक सातवा आहे. त्याच वर्षीच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींसाठी एकोणतीस विषयांची अकरावी अनुसूची आणली. तीत ही सेवा नाही. राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमात आग विझविण्याच्या कामी साहाय्य करणे हे पंचायतीचे एक काम म्हणून नमूद आहे. पण ज्या कामाला मुख्य धनीच नाही, त्यात साहाय्य करावयाचे ते कोणाला?

कायद्यातील ही उणीव हिशेबाच्या वहीतही उतरते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना जे अनुदान दिले, त्यातील साठ टक्के पाणी व स्वच्छता यांना बांधलेले होते. उरलेला अबंधित निधी त्याच एकोणतीस विषयांवर खर्च करावयाचा होता, आणि वेतन व आस्थापनेवर तो खर्च करण्यास मनाई होती. एखाद्या सरपंचाने मनावर घेतले असते, तरी या पैशातून बंबाचा चालक त्याला नेमता आला नसता.

शासनाजवळ पैसा नाही, असेही म्हणता येत नाही. त्याच आयोगाने राष्ट्रीय व राज्य आपत्ती निधींतील दहा टक्के वाटा पूर्वतयारी व क्षमतावाढीसाठी राखून ठेवला. त्यातील राष्ट्रीय वाट्यातून केंद्राने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. प्रकल्पाच्या खर्चाचा चौथा हिस्सा महाराष्ट्रासारख्या राज्यांनी उचलावयाचा होता. योजना स्वागतार्हच होती. परंतु अशा योजनांचा रोख ठाणी, वाहने, साधने आणि प्रशिक्षण यांवर असतो. बंब एकदा विकत घेता येतो. तो चालविणारा मनुष्य मात्र दरमहा पोसावा लागतो. तीन पाळ्यांची माणसे, डिझेल, पाण्याचे नळ, टायर, देखभाल हा खर्च कधीच संपत नाही. भांडवली अनुदान ही देणगी दिसते, पण ती घेणाऱ्याच्या माथी कायमचा आवर्ती बोजा ठेवून जाते. तो पेलण्याची ऐपत नसेल तर नवा कोरा बंब छपराखाली गंजत उभा राहतो.

अमेरिकेतही अग्निशमन दलांसाठी संघीय अनुदान आहे. तेथे स्थानिक दल स्वतः अर्ज करते, अर्जांची छाननी अग्निशमन क्षेत्रातील जाणकार करतात, आणि स्थानिक हिस्सा लोकसंख्येनुसार ठरतो: वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला पाच टक्के, दहा लाखांवरील वस्तीला पंधरा टक्के. लहानाने कमी द्यावे, पण काही तरी द्यावेच, हे त्यातील तत्त्व घेण्याजोगे आहे. मात्र तेथे अर्ज करणारे दल आधी अस्तित्वात असते. येथील खेड्यात अर्ज करावयासच कोणी नाही.

दर गावाला बंब परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तसे कोणी मागूही नये. आग ही नित्य घडणारी घटना नव्हे. म्हणूनच तिचा खर्च अनेकांनी वाटून घेणे शहाणपणाचे. तालुका हे त्याचे स्वाभाविक एकक होय. ग्रामपंचायतींनी व नगरपंचायतींनी लोकसंख्येच्या प्रमाणात वर्गणी द्यावी. कारखान्यांनी धोक्याच्या प्रमाणात भर घालावी. महामार्गावर पथकर घेतला जातो, त्याचा अंश घाटाखालच्या सेवेस मिळावा. आणि राज्याने वाहनाबरोबर निदान पहिली काही वर्षे वेतनाचाही वाटा उचलावा. हे घडावयाचे तर ग्रामीण अग्निशमनाची जबाबदारी कोणा एका संस्थेवर कायद्याने सोपविणे ही पहिली पायरी आहे.

जबाबदारी कोणाचीच नसली की ती जवळ असेल त्याच्यावर येऊन पडते. १० एप्रिल २०१८ रोजी खंबाटकीच्या बोगद्याजवळ मजुरांचा टेंपो उलटून किमान १७ जण दगावले. ते पोटासाठी विजापूरकडून शिरवळला येत होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि वाचण्यासाठी तीत बसलेले गावकरीच बुडाले. धावून जाणारे हात आपल्या खेड्यांत कमी नाहीत. त्या हातांत साधन, साधनामागे शिक्षण आणि शिक्षणामागे पगार उभा करणे हे शासनाचे काम आहे.

यापुढे एखाद्या गावाला बंब मिळाल्याचा समारंभ झाला, तर नागरिकांनी एकच प्रश्न विचारावा: याच्या चालकाचा पगार अंदाजपत्रकाच्या कोणत्या शीर्षाखाली धरला आहे?