तराजूने मोजलेले रेणू

खिळ्यांचे पोते घेणारा व्यापारी एकेक खिळा मोजीत बसत नाही. शंभर खिळ्यांच्या वजनावरून तो साऱ्या पोत्याची संख्या सांगतो. रसायनशास्त्रातील ‘मोल’ हीच रीत रेणूंना लावतो. १८ ग्रॅम पाणी आणि ३४२ ग्रॅम साखर म्हणजे प्रत्येकी एक मोल. दोहोंत रेणू सारखेच, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. म्हणून किलोभर पाण्यात किलोभर साखरेच्या १९ पट रेणू असतात. रासायनिक क्रियेचा हिशेब संख्येचा असतो. ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. समान वजने घेतल्यास हायड्रोजन बराचसा शिल्लक उरेल. वाचकहो, मुलांकडून सूत्र पाठ करवून घेण्यापूर्वी त्यांना एकदा दुकानातील तराजूपाशी बसवावे.