‘वॉशिंग्टन’ हे नाव कोणाचे?

‘वॉशिंग्टनचा इशारा’, ‘वॉशिंग्टनची नाराजी’ असे मथळे आपण वृत्तपत्रांत नित्य वाचतो. या नावाचा उच्चार होताच डोळ्यांसमोर उभी राहते ती सत्ता. वस्तुतः या नावाचा उगम एका खेड्यात आहे, आणि आज ते आडनाव लावणारी बहुसंख्य माणसे गुलामांची वंशज आहेत. या प्रवासात मालमत्तेचा सारा इतिहास सामावला आहे.

ईशान्य इंग्लंडमध्ये, जुन्या डरहॅम परगण्यात, वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. वासा नामक कोणा पुरुषाच्या कुळाची वस्ती, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. १२व्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम द हर्टबर्न या सरदाराला तेथील जमीन मिळाली आणि त्याने गावाचेच नाव धारण केले. आडनाव हा येथे मालकीचा शिक्काच होता. त्याच घराण्यातील लॉरेन्स वॉशिंग्टन या लोकरीच्या व्यापाऱ्याने १५३९ मध्ये सल्ग्रेव्ह येथील जमीन घेतली. आठव्या हेन्रीने मठांकडून हिरावलेल्या जमिनींपैकीच ती होती. त्याचा वंशज जॉन १७व्या शतकाच्या मध्यास व्हर्जिनियात गेला, आणि या जॉनचा पणतू म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. १७९१ मध्ये नव्या राजधानीला आणि १८८९ मध्ये एका घटकराज्याला त्याचे नाव मिळाले.

स्वातंत्र्ययुद्धाच्या या सेनानीच्या मळ्यांवर १७९९ साली ३१७ गुलाम होते. स्वतःच्या मालकीच्या गुलामांच्या मुक्ततेची तरतूद त्याने मृत्युपत्रात केली, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. परंतु निम्म्याहून अधिक गुलाम कायद्याने त्याचे नव्हते; त्यांची सुटका झाली नाही.

त्याच्याच मळ्यावर आफ्रिकेतून आणलेला हॅरी नावाचा गुलाम होता. १७७६ मध्ये तो पळाला आणि इंग्रजी फौजेला मिळाला. युद्ध संपल्यावर तो नोव्हा स्कोशियात व तेथून १७९२ मध्ये सिएरा लिओनला गेला. नाव मात्र त्याने हॅरी वॉशिंग्टन असेच ठेवले. तेथील कंपनीने वसाहतवाल्यांच्या जमिनीवर सारा बसवला, तेव्हा १८०० च्या बंडात हॅरी सामील झाला आणि हद्दपार झाला. मालकाने करांविरुद्ध बंड केले, त्याला राष्ट्रपिता म्हटले गेले; गुलामाने केले, त्याच्या वाट्याला हद्दपारी आली!

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी संपली आणि लाखो मुक्त माणसांना आडनावाची गरज भासू लागली. शाळेत नाव विचारले तेव्हा आपण ‘वॉशिंग्टन’ असे उत्तर दिले, ही हकीकत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. २००० सालच्या जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे १,६३,००० अमेरिकन होते. त्यांतील ९० टक्के कृष्णवर्णीय.

मालकाचे नाव लावणे ही लाचारी होय, असे काही मित्र म्हणतील. मला ते पटत नाही. ज्यांच्या श्रमावर त्या नावाचे वैभव उभे राहिले, त्यांचा त्यावर हक्क अधिक आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. पहिल्या वॉशिंग्टनला नाव मिळाले ते जमिनीसह. या वॉशिंग्टनांना ते मिळाले जमिनीवाचून. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी दक्षिणेच्या किनाऱ्यावरील जमिनी मुक्त गुलामांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्या जुन्या मालकांना परत करण्याचे धोरण स्वीकारले. मुक्त झालेला माणूस पुन्हा त्याच मालकाच्या शेतावर वाटेकरी म्हणून उभा राहिला.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. पण ते तेथेच थांबले नाहीत. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी सारा, कर्ज आणि शेतजमीन यांचा प्रश्न मांडला. नामांतराच्या आणि सन्मानाच्या लढ्यात उतरणाऱ्या कार्यकर्त्याने हा क्रम विसरू नये. नाव मिळवणे ही मुक्तीची सुरुवात होय. जमिनीचा हिशेब त्यानंतर मागायचाच असतो.